डेबियन नवख्यांसाठी सोपं करायचं, तर नेमकं काय बदलायला हवं?

ओळंबा | शनिवार, रात्री ९:१०

आमच्या तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालय आहे, ब वर्गाचं. तिथं नऊ कॉम्प्युटर आहेत: एक देवघेवीच्या टेबलावर, एक ग्रंथपाल बाईंकडं, बाकीचे सात स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट थांबले. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, आमची मशीनं तिसऱ्या-चौथ्या पिढीची. चालतात ठणठणीत, पण कागदोपत्री बाद. नवी घ्यायची तर पुस्तकखरेदीचे पैसे तिकडं वळवावे लागतील, आणि ते कुणालाच नको आहे. म्हणून डेबियन १३ (लिनक्सचा एक मोफत प्रकार) घालायचं ठरलं आणि ते काम मी अंगावर घेतलं.

पहिली चार मशीनं मीच केली. मी बारा वर्षं लिनक्स वापरतो, त्यामुळं कुठं काही अडलं नाही. पाचव्याच्या वेळी ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "हे मला करू द्या. उद्या तुम्ही गावाला गेलात आणि बंद पडलं तर मी कुणाकडं बघू?"

रास्त बोलल्या. मी शेजारी खुर्ची टाकून बसलो आणि एक नियम ठरवला: माउसला हात लावायचा नाही, विचारल्याशिवाय बोलायचं नाही. एका जुन्या दाखल नोंदवहीची मागची पानं कोरी होती, त्यावर बाई जिथं जिथं थांबल्या ती जागा लिहीत गेलो. अडीच तासांत एकोणीस जागा झाल्या.

पहिली जागा डाउनलोडच्याच पानावर. फाइलच्या नावात एएमडी६४ लिहिलेलं. बाई म्हणाल्या, "आपल्या डब्यावर तर इंटेलचं स्टिकर आहे." हे नाव एएमडीनं आणलेल्या ६४-बिट रचनेचं आहे आणि इंटेललाही तेच चालतं, हे मला माहीत आहे. त्यांना ते कळावं असं त्या नावात काय आहे?

मग होस्टनेम, म्हणजे नेटवर्कवरचं मशीनचं नाव. मग डोमेन नेम. "म्हणजे वाचनालयाची वेबसाइट का? ती तर नाही आपली." तिथं रिकामं सोडून पुढं जाता येतं, पण रिकामी जागा दिसली की शाळेतल्या पेपरसारखं काहीतरी लिहिलंच पाहिजे असं माणसाला वाटतं.

मग रूटचा, म्हणजे मशीनच्या मुख्य प्रशासकाचा, पासवर्ड. ही जागा रिकामी सोडली तर पुढं तयार होणाऱ्या पहिल्या वापरकर्त्यालाच सूडोचे, म्हणजे प्रशासकाचे, अधिकार मिळतात. भरली तर मिळत नाहीत. खाली तसं लिहिलेलं आहे, पण बाईंनी चौकट पाहिली, पासवर्ड घातला आणि पुढं गेल्या. त्याचा हिशेब दुसऱ्या दिवशी आला. अपडेट करताना पासवर्ड विचारणारी पेटी आली, बाई स्वतःचा पासवर्ड टाकत राहिल्या आणि पेटी रूटचा मागत होती. सहा वेळा. शेवटी त्यांनी मला फोन केला आणि पहिलं वाक्य काय, तर "माझंच काहीतरी चुकलंय."

सगळ्यात जास्त वेळ त्या डिस्कच्या यादीवर थांबल्या. दोन ओळी होत्या. दोन्हींच्या सुरुवातीला स्कझी, कंसात तीन आकडे, मग एसडीए किंवा एसडीबी, मग जीबी, मग कंपनीचा मॉडेल नंबर. यातली मशीनच्या आतली डिस्क कुठली आणि आपण लावलेला पेनड्राइव्ह कुठला? जीबीवरून ओळखता येतं, पण ते ओळखायचं असतं हे ठाऊक असलं तर. बाईंचा हात माउसवर होता आणि त्या माझ्याकडं बघत होत्या. त्या डिस्कवर दहा वर्षांच्या वर्गणीदारांची यादी होती. प्रत आम्ही आधीच काढून ठेवली होती, तरी त्यांना धीर होईना. खरं सांगतो, ती चार मिनिटं मलाही गप्प बसवेना.

शेवटी डेस्कटॉप निवडायची यादी: गनोम, एक्सएफसीई, गनोम फ्लॅशबॅक, केडीई प्लाझ्मा, सिनॅमन, माटे, एलएक्सडीई, एलएक्सक्यूटी. आठ नावं, एकाही नावापुढं चित्र नाही.

एकोणीसपैकी एकही जागा टर्मिनलची नव्हती. लिनक्स अवघड का, असं विचारलं की आपण लगेच काळ्या पडद्याचं नाव घेतो. बाई तिथवर पोचल्याच नाहीत. ज्या प्रश्नांचं उत्तर देण्याजोगं त्यांच्या हातात काहीच नव्हतं, अशा प्रश्नांपाशी त्या अडल्या.

इथं अनेकांनी दुसऱ्यांसाठी लिनक्स बसवलंय. तुमच्याकडं माणसं कुठं अडली? आणि काय बदललं तर अडणार नाहीत?

पायवाट | शनिवार, रात्री ९:५२

+१. डोमेन नेमपाशी माझे वडील अडले होते. त्यांनी आडनाव लिहिलं.

सह्यकडा | शनिवार, रात्री १०:१५

ओळंबा, तुमची तळमळ कळते, पण नवख्याला डेबियन कशाला? लिनक्स मिंट घाला. ते २००६ पासून हेच काम करत आलेत. पहिल्यांदा सुरू केलं की स्वागताची खिडकी येते, त्यात एकाखाली एक सगळं: ड्रायव्हर, अपडेट, बॅकअप. काही बिघडलं तर टाइमशिफ्टनं कालच्या स्थितीला परत जाता येतं. खाली डावीकडं मेनू, खिडकीला तिन्ही बटणं. विंडोजवरून आलेल्या माणसाला घरात आल्यासारखं वाटतं. मी नात्यातल्या आठ जणांना घालून दिलंय, पहिल्या महिन्यानंतर कुणाचा फोन नाही.

ओळंबा | शनिवार, रात्री १०:४०

सह्यकडा, घरी एकट्या माणसानं विचारलं तर मीही मिंटच सांगतो. त्यांच्या स्वागताच्या खिडकीचं मला मनापासून कौतुक आहे.

तरी डेबियनचा हट्ट का, ते सांगतो. उबुंटू डेबियनवर उभं आहे, मिंट उबुंटूवर, आणि मिंटची एक आवृत्ती तर थेट डेबियनवर. आपल्या सी-डॅकचं बॉस लिनक्सही डेबियनवरच. वर सोपं केलं तर वरच राहतं; मुळाशी सोपं केलं तर खाली सगळीकडं पोचतं. दुसरं म्हणजे वाचनालयाला पाच वर्षं कुणी हात लावायला नको असतो, आणि डेबियन त्या बाबतीत भरवशाचं आहे. पुढंमागं कोहा बसवायचं मनात आहे (न्यूझीलंडमधल्या एका छोट्या ग्रंथालय संस्थेनं १९९९ साली करून घेतलेली ही प्रणाली आज जगभर चालते), आणि तेही डेबियनवर नीट बसतं.

उंबरठा | रविवार, सकाळी ७:२०

मी काही वर्षं इन्स्टॉलरच्या भाषांतराला आणि चाचणीला हातभार लावलाय, म्हणून आतली बाजू सांगतो. बचाव म्हणून नव्हे. ओळंबांनी लिहिलेली प्रत्येक जागा खरी आहे.

डेबियनचा इन्स्टॉलर एकच आहे आणि तो सगळ्यांसाठी आहे. वाचनालयाचा डबा, डेटा सेंटरमधला सर्व्हर, तळहाताएवढा एआरएम बोर्ड, सगळ्यांना तोच. डोमेन नेम सर्व्हरवाल्याला लागतं. रूटचा पासवर्डही. प्रत्येक प्रश्न किती महत्त्वाचा याची आत एक पातळी दिलेली असते: निम्न, मध्यम, उच्च, अत्यावश्यक. नेहमीच्या मांडणीत उच्च आणि त्यावरचेच विचारले जातात, खालच्यांची उत्तरं इन्स्टॉलर स्वतःच धरून चालतो. म्हणजे विचारले जातात ते प्रश्न गाळूनच आलेले आहेत. गाळणी लावणारी माणसं मात्र सर्व्हर चालवणारी होती, आणि ते तुम्हाला जाणवतं.

बदल होत नाही असंही नाही. वायफायचंच घ्या. अनेक वायफाय चिपना चालायला कंपनीची फर्मवेअर (चिपच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) लागते, आणि तिचा कोड खुला नसतो. ती मुक्त नाही म्हणून डेबियनच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये नसायची. लॅपटॉपवर बसवायला घेतलं की नेट नाही, आणि फर्मवेअर उतरवायला नेट हवं! वेगळी, फर्मवेअरसकटची फाइल होती, पण ती कुठल्याशा कोपऱ्यात, माहितगारालाच सापडायची. नवख्यांना परत पाठवणारं यापेक्षा मोठं कारण मी पाहिलेलं नाही. २०२२ मध्ये सदस्यांनी मतदान केलं, डेबियनच्या सामाजिक करारात दुरुस्ती केली, आणि १० जून २०२३ ला आलेल्या डेबियन १२ पासून ती फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्येच आली. तत्त्वाच्या माणसांना ते सोपं गेलं नाही. मीही त्यांच्यातलाच. पण ज्याच्या हातात मुक्त सॉफ्टवेअर पोचतच नाही त्याला स्वातंत्र्य कसलं देणार, हा मुद्दा मला पटला.

आता कामाचं. दोन गोष्टी आजच करता येतात.

पहिली म्हणजे लाइव्ह इमेज, म्हणजे न बसवता पेनड्राइव्हवरूनच चालणारं डेबियन. डेबियन १० पासून, म्हणजे २०१९ पासून, लाइव्ह इमेजमध्ये कॅलामारेस नावाचा वेगळा इन्स्टॉलर येतो. त्यात डिस्कची रंगीत पट्टी दिसते: आत्ता काय आहे आणि नंतर काय होईल, एकाखाली एक. रूटचा प्रश्न येत नाही. शिवाय बसवण्याआधीच वायफाय, आवाज, पडद्याचा उजेड सगळं तपासून बघता येतं. डेबियनच्या वेबसाइटच्या मुखपृष्ठावरचं डाउनलोड बटण मात्र नेटइन्स्टॉलची (नेहमीच्या इन्स्टॉलरची, बाकीचं नेटवरून उतरवणारी) फाइल देतं. माझ्या मते नवख्यासाठी ते उलट असायला हवं.

दुसरी म्हणजे प्रीसीड. साधी मजकुराची फाइल असते. इन्स्टॉलरच्या प्रश्नांची उत्तरं त्यात आधीच लिहून ठेवायची. कंपन्या शेकडो मशीनं अशाच बसवतात. सुरुवातीच्या मेनूत प्रगत पर्यायांमध्ये स्वयंचलित बसवणी आहे. तिथं फाइलचा पत्ता दिला की तेवढे प्रश्न येतच नाहीत. तुमची एकोणीस जागांची यादी म्हणजे अर्धी प्रीसीड फाइल लिहून झालीच आहे.

रानजाई | रविवार, सकाळी १०:०५

मी टंकलेखन शिकवते. माझ्याकडं येणाऱ्या मुली मराठीत टाइप करण्यासाठीच येतात, त्यामुळं माझी अडचण वेगळी आहे आणि ती या धाग्यात यायला हवी.

डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये मराठी आहे, ही आनंदाची गोष्ट. फक्त ग्राफिकल इन्स्टॉलर निवडा. साध्या मजकुराच्या पडद्यावर देवनागरी उमटत नाही म्हणून तिथं मराठीचं नावच येत नाही. पण बहुतेक जण घाबरून इंग्रजीच निवडतात, आणि मग मराठी कीबोर्ड शोधत बसतात.

गनोममध्ये तो कुठं आहे ते सांगते. सेटिंग्ज, कीबोर्ड, इनपुट सोर्सच्या खाली अधिकचं चिन्ह. एक छोटी यादी येते, त्यात मराठी दिसत नाही. यादीच्या तळाशी उभे तीन ठिपके आहेत. ते बटण आहे हे माझ्या एकाही विद्यार्थिनीला वाटलं नाही, सगळ्यांना ती नक्षी वाटली. ते दाबलं की यादी उघडते, मग शोधायचं. इन्स्क्रिप्ट (भारतीय भाषांचा प्रमाण कीबोर्ड) घेतलं की विंडोज की आणि स्पेसबार दाबून भाषा बदलते. हेही कुठं लिहिलेलं नाही.

ज्यांची सवय फोनसारखी रोमन अक्षरांतून मराठी लिहायची आहे त्यांना आयबस-एम१७एन हे पॅकेज वेगळं घालावं लागतं, मग आयट्रान्स आणि फोनेटिकचे पर्याय येतात. जिला ते नावच माहीत नाही ती काय शोधणार?

आणि एक बारीक गोष्ट. बारीक म्हणजे आपल्यासाठी मोठीच. इंग्रजी निवडून बसवलेल्या मशीनवर ल आणि श पुष्कळदा हिंदी वळणाचे दिसतात. युनिकोडमध्ये अक्षर तेच असतं. फाँटच्या आत मराठी वळण वेगळं ठेवलेलं असतं, आणि मजकूर मराठी आहे असं प्रोग्रामला सांगितलं तरच ते बाहेर येतं. लिब्रेऑफिसमध्ये भाषा मराठी केली की योग्य फाँटमध्ये ल लगेच आपला होतो. मी वर्गात हे करून दाखवते तेव्हा मुली पडद्याला अगदी नाक लावून बघतात. आपल्या पाटीवरचं ल तिथं दिसतं ना!

तसंच ऱ्य. "दुसऱ्या" लिहिताना कितीतरी जणी "दुसर्या" किंवा "दुसर्‍या" यात अडकतात. इन्स्क्रिप्टवर शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरकी रेघ. झालं ऱ्य. ऱ्हास हवा असेल तर तिरक्या रेघेऐवजी यू. हे एका चिठ्ठीवर लिहून प्रत्येक मशीनला चिकटवलंय मी.

तर माझी मागणी एवढीच: देश भारत निवडला की इन्स्टॉलरनं एकदा विचारावं, "कुठल्या भाषेत टाइप करणार?" मेनू इंग्रजीत राहू देत, पण कीबोर्ड आणि फाँट तयार मिळावेत. हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि आत्ता ते एकात एक अडकलेत.

उंबरठा | रविवार, सकाळी ११:३०

रानजाई ताई, शेवटचं वाक्य मी जसंच्या तसं पुढं नेणार आहे. मेनूची भाषा आणि लिहिण्याची भाषा वेगळी असू शकते, हे युरोपातल्या माणसाच्या चटकन लक्षात येत नाही. आपल्याकडं बहुतेकांचं तसंच असतं.

जुनीवाट | रविवार, दुपारी २:१०

मला हे सगळं थोडं खटकतंय. मी २००४-०५ मध्ये शिकलो तेव्हा वेगळा मॉडेम, वेगळे ड्रायव्हर, एक्सची (पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या प्रोग्रामची) कॉन्फिग फाइल हातानं लिहायची. त्यातूनच यंत्र कळलं. आता प्रत्येक प्रश्न काढून टाका म्हणता. मग माणूस शिकणार काय? पार्टिशन म्हणजे काय, डिस्कचे भाग कसे पडतात, हे न कळता ज्यानं बसवलं, तो पहिल्या अडचणीत परत विंडोजवर जाणार. थोडं अवघड असणं गरजेचं असतं.

ओळंबा | रविवार, दुपारी ३:००

जुनीवाट, मीही तसाच शिकलो आणि त्याचा मला अभिमान आहे. पण आपण शिकलो तेव्हा आपल्याला यंत्रच शिकायचं होतं. बाईंना पुस्तकं द्यायची-घ्यायची आहेत. त्यांच्या हातून साठ वर्षांच्या ग्रंथसंग्रहाची नोंद व्हायची आहे, आणि ते काम पार्टिशन समजण्यापेक्षा लहान नाही.

शिवाय मी काही लपवा म्हणत नाही. ज्याला बघायचं त्याला प्रगत पर्यायात सगळं असू दे. विचारायचं तेव्हा उत्तर देता येईल असं विचारा, एवढंच. डिस्कच्या यादीत "स्कझी, एसडीए" च्या ऐवजी "मशीनमधली डिस्क, २४० जीबी, हिच्यावर विंडोज आणि तुमच्या फाइल आहेत" असं आलं, तर बाई पार्टिशनबद्दल जास्तच शिकतील.

जुनीवाट | रविवार, दुपारी ३:२५

डिस्कच्या ओळीबद्दल मान्य. माझ्या भावाची अख्खी डिस्क त्याच पडद्यावर गेली होती, लग्नाच्या फोटोंसकट. तेव्हा मी त्यालाच बोललो होतो. बोलायला नको होतं.

कोरीपाटी | रविवार, संध्याकाळी ६:४५

दोन्ही सिस्टीम ठेवणाऱ्यांसाठी एक. डेबियन वापरून परत विंडोजमध्ये गेलं की घड्याळ साडेपाच तास मागं पडतं. मुलाच्या ऑनलाइन परीक्षेच्या दिवशी हे झालं आणि घरात एकच धावपळ. लिनक्स मशीनच्या आतलं घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर ठेवतं, विंडोज त्याच घड्याळाला भारताची वेळ समजतं. बिघाड कशातच नाही, दोघांची समजूत वेगळी. लिनक्सला एकदा सांगावं लागतं की हे घड्याळ स्थानिक वेळेचं आहे. शेजारी विंडोज दिसत असेल तर हे कुणाला सांगायची वेळच येऊ नये.

आणि विंडोज बंद करताना फास्ट स्टार्टअप चालू असेल तर ते पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं. मग लिनक्समधून त्याची डिस्क फक्त वाचता येते, लिहिता येत नाही. लोक समजतात परवानगीचा घोळ आहे.

माजघर | रविवार, रात्री ८:३०

प्रिंटरबद्दल कुणीच बोललं नाही! माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं छोटं दुकान आहे. नवा वायफायवाला प्रिंटर डेबियनवर लावला आणि काही न घालता आपोआप दिसला, मी बघतच राहिले. पण दुकानाचं पोट ज्याच्यावर आहे तो जुना लेझर प्रिंटर. तो कंपनीच्या ड्रायव्हरशिवाय हलत नाही आणि कंपनीनं तो ड्रायव्हर कधीचा वाऱ्यावर सोडलाय. दोन रविवार घालवले. शेवटी त्याच्यासाठी एक विंडोजचं मशीन ठेवलंच.

मला याचा राग नाही, पण हे आधी कळलं असतं तर दोन रविवार वाचले असते. पेनड्राइव्हवरून चालू केल्यावर एका पडद्यानं सांगावं: तुमचं वायफाय चालेल, आवाज चालेल, हा प्रिंटर चालणार नाही. मग माणूस ठरवेल.

ओळंबा | रविवार, रात्री ९:०५

माजघर ताई, हे एकोणीसच्या यादीत विसावं म्हणून लिहून घेतलं. बसवण्याआधी खरं काय ते सांगणं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. वाचनालयात प्रिंटर नाही म्हणून.

देवराई | सोमवार, सकाळी ८:१५

केरळात हे काम झालेलं आहे, त्याची आठवण करून देतो. तिथल्या शाळांसाठी २००१ मध्ये आयटी ॲट स्कूल प्रकल्प सुरू झाला, पुढं तो मुक्त सॉफ्टवेअरवर आला आणि आता काईट या नावानं चालतो. त्यांनी शिक्षकांच्या हातात उबुंटूची कोरी सीडी ठेवली नाही. त्यावर आधारलेली आपली आवृत्ती केली, मल्याळम आधीच बसवलेलं, शाळेला लागणारे प्रोग्राम आधीच घातलेले, आणि शिक्षकांना प्रशिक्षण. सोपेपणा त्या मधल्या कामातून आला. आपल्याकडं तो मधला दुवाच नाही. ओळंबांचं वाचनालय तो होऊ शकतं.

पायवाट | सोमवार, सकाळी ९:००

जुन्या ३२-बिट मशीनवाल्यांनो, डेबियन १३ चा इन्स्टॉलर तुमच्यासाठी नाही, तो निघतच नाही आता. डेबियन १२ घाला, त्याला दीर्घकालीन आधार जून २०२८ पर्यंत आहे.

उंबरठा | बुधवार, रात्री १०:२०

ओळंबांच्या यादीवरून प्रीसीड फाइल लिहिली आहे. काय केलं ते सांगतो, म्हणजे कुणाला हरकत असेल तर कळेल.

होस्टनेम वाचनालय आणि पुढं क्रमांक, रोमन अक्षरांत. डोमेन रिकामं. रूटचं लॉगिन बंद, म्हणजे पहिल्या वापरकर्त्याला सूडो. पॅकेज कुठून घ्यायचं ते ठरवून टाकलं. कुठली पॅकेज वापरता याची माहिती पाठवायची का, या प्रश्नाला नाही. डेस्कटॉप एक्सएफसीई, ४ जीबीला तो हलका जातो आणि खिडकीला लहान करायचं बटण असतं. गनोममध्ये ते मुळात नसतंच, ट्वीक्स नावाच्या प्रोग्राममधून आणावं लागतं. मराठीचा टास्क (मराठीला लागणाऱ्या पॅकेजचा संच), लोहित आणि नोटो फाँट, आयबस-एम१७एन.

दोन गोष्टी मुद्दाम लिहिल्या नाहीत. वापरकर्त्याचा पासवर्ड, कारण तो फाइलीत असता कामा नये. आणि डिस्क. डिस्क पुसायची का हा प्रश्न माणसालाच विचारला गेला पाहिजे, मग तो कितीही वाईट शब्दांत असो. फाइल चुकून दुसऱ्या कुणाच्या मशीनवर चालवली तर?

ओळंबा | शनिवार, रात्री ८:४०

आज सहावं मशीन झालं. बाईंनीच केलं. खुर्ची तीच, नियम तोच, नोंदवहीचं पुढचं पान.

वाचनालयाचं वायफाय नेमकं बंद होतं. बाईंचा फोन यूएसबीनं जोडला आणि टेदरिंग (फोनचं नेट मशीनला देणं) चालू केलं. इन्स्टॉलरला ते केबलच्या नेटसारखंच दिसतं, पासवर्डसुद्धा विचारत नाही. हे ज्याला माहीत नाही त्यानं लिहून ठेवा.

प्रीसीडचा पत्ता टाइप करताना पहिली थांबायची जागा आली. लांबलचक होता, दोनदा चुकला. दुसरी जागा डिस्कची. मी आधीच एका कागदावर "मशीनमधली डिस्क = २४०, पेनड्राइव्ह = १६" असं लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवलं होतं. बाईंनी कागद वाचला, पडद्यावरचा आकडा वाचला, परत कागद वाचला, आणि मग दाबलं. माझ्याकडं बघितलं नाही.

एकूण पाच जागा, पन्नास मिनिटं. नंतर त्यांनी रानजाई ताईंच्या चिठ्ठीवरून पहिला शब्द टाइप केला: "दुसऱ्या". मग पुढं "मजल्यावरची पुस्तकं" असं लिहून फाइल जतन केली, कारण तेच काम पडलं होतं.

उंबरठा, पत्ता छोटा करता येईल का? आणि ही यादी डेबियनकडं पाठवायची कशी? ईमेलनं जमेल का?

उंबरठा | शनिवार, रात्री ९:३०

पत्ता छोटा करतो, उद्या देतो.

यादी ईमेलनंच जाते. बसवणीच्या अनुभवासाठी डेबियनच्या बग-यादीत खास जागा आहे, इन्स्टॉलेशन रिपोर्ट्स नावाची. मशीनची माहिती आणि काय घडलं ते लिहायचं. ते सगळ्यांना वाचता येतं, म्हणून बाईंचं नाव घालू नका. लोक तिथं बहुधा "हे चाललं नाही" असं लिहितात. "सगळं चाललं, पण माणूस इथं चार मिनिटं थांबला" असा अहवाल मी तरी वाचलेला नाही. तो डिस्कच्या पडद्यापासून सुरू करा. इंग्रजी मी करून देतो.

इन्स्टॉलरचं मराठी भाषांतर वेबलेट या भाषांतराच्या साइटवर आहे, ब्राउझरमध्येच करता येतं. रानजाई ताई, रूटच्या पासवर्डचा परिच्छेद तुम्ही एकदा वाचाल का? मराठीत तरी "रिकामं सोडलं तरी चालेल" हे पहिल्या वाक्यात आणता येतं का बघू.

रानजाई | शनिवार, रात्री १०:०५

वाचते. उद्या वर्गातल्या दोघींना तो परिच्छेद दाखवते आणि त्या काय करतात ते न बोलता बघते. परवा कळवते.